कोपऱ्यातली मुधोळ

पोरी, अनेक आशीर्वाद.

वीटभट्टीवरनं सोडवून आणलेली मुधोळ जातीची कुत्री पाच दिवस न्हाणीच्या कोपऱ्यातनं हलत नाही, तू रात्री जवळ बसून डोक्यावरनं हात फिरवतेस आणि ती थरथरते, असं लिहिलंयस. आधी एवढं कर. हात फिरवणं थांबव.

वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा हात मायेचाच आहे, पण आजवर वरनं आलेला हात तिला मारायलाच आला असणार. कोपऱ्यात मागे सरायला जागा नसते, म्हणून ती नुसतं सोसते. चार हात लांब बस, तिच्याकडे कूस करून, नजर दुसरीकडे. भाजी निवड, अभ्यास कर. उठताना उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिथं ठेव आणि निघून जा. खाते की नाही हे वळून बघू नकोस. रोज त्याच वेळी, त्याच जागी. जवळ यायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू दे.

पोटाचंही तसंच, घाई नको. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम पोटभर दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेततं. दिवसातनं चार वेळा थोडं थोडं दे, मऊ भात आणि हाडं काढलेली उकडलेली कोंबडी. रश्श्यातलं नको, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. मुधोळची जात मुळातच सडपातळ, मागच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर घाबरू नकोस. मणके आणि कमरेची हाडं वर आली असतील तर मात्र ती उपासमार. या जातीचं टपाल तिकीट २००५ साली निघालं होतं, आणि ही साखळीला बांधलेली! मला हे पचत नाही.

हिरड्या बघ. फिकट पांढरट असतील, ताप असेल, नाकातनं रक्त आलं तर गोचीडतापाची शंका धर आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे ने. आपली पॅरासिटामॉल कधीच देऊ नकोस.

गोचीड काढायच्या नादात मी एकदा चूक केलीय. माझ्याकडचा पहिला कुत्रा बाराव्या दिवशी उंबऱ्यापर्यंत यायला लागला होता. मला वाटलं, झालं आता. पट्टा धरला आणि आंघोळीला ओढला. पुढचा महिनाभर तो पलंगाखालनं बाहेर आला नाही. म्हणून सांगते, हिच्या मानेला हातच लावू नकोस. साखळीची जखम भरली की छातीवरनं येणारा पट्टा घाल, तोही आधी दोन-चार दिवस नुसता ताटलीशेजारी पडू दे.

त्याच कुत्र्याला मी रोज 'ये, ये' म्हणायची, कान हलायचा नाही. एकदा शेजारच्या अक्कांनी सहज 'बा, बा' म्हटलं आणि शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. तो कन्नड घरातला, आपलं मराठी त्याला कुठनं कळणार? तूही हळू आवाजात 'बा' म्हणून बघ, हिच्याही कानावर कन्नडच पडलं असेल. पण त्याच भाषेत तिनं शिव्याही ऐकल्या असतील. अंग आकसलं तर तो शब्द सोड आणि अगदी नवा लाव.

गुरगुरली तर रागावू नकोस, मागे सर. ती सांगतेय ते बरंय. गुरगुरणं मारून बंद केलेलं कुत्रं न सांगता चावतं. चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घे. तिची लसही डॉक्टरांना विचारून घ्यायची आहेच.

वैशाखात शिवजयंतीची मिरवणूक तुमच्या दारावरनं जाते, पहाटेपर्यंत ढोल-ताशे. त्या रात्री तिला माझ्याकडे येळ्ळूरला आण. त्याआधी दोन-तीनदा दुपारची घेऊन ये, म्हणजे घर ओळखीचं होईल. येताना तिच्या अंगाखालचं गोणपाट आण, आणि ते धुऊ नकोस.

तुझी
मावशी