वाचकांचे प्रश्न : रात्रीची सायकल आणि समोरच्याचे डोळे

प्रश्न : माझे वडील यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला सायकलने जातात. सायकल जुनी, काळ्या रंगाची आहे. गावाबाहेर रस्त्यावर दिवे नाहीत आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ असते. दिव्याचा विषय काढला की ते म्हणतात, ‘मला रस्ता दिसतो की!’ त्यांना काय घेऊन द्यावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे खोटे नाही, रोजच्या पायाखालच्या रस्त्यावर त्यांचे दिव्यावाचून अडत नसेल. प्रश्न आहे तो ते मागच्या चालकाला किती लांबून दिसतात याचा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला, तरी तेवढ्यात २५ मीटर संपलेले असतात आणि गाडी थांबायला लागणारे अंतर त्यापुढे सुरू होते. गडद कपड्यांतला माणूस मंद हेडलाइटमध्ये पुष्कळदा याहून फार लांबून दिसतच नाही. त्यात समोरून दुसरी गाडी आली की चालकाचे डोळे दिपतात आणि बिनदिव्याचा सायकलस्वार काही क्षण नाहीसाच होतो.

म्हणून पहिला खर्च मागच्या लाल दिव्यावर करावा. तो सीटखाली लावला आणि कॅरिअरला डब्याची पिशवी अडकवली, तर दिवा पिशवीकडेच पाहत राहतो. तेव्हा तो कॅरिअरच्या मागच्या कडेला किंवा मडगार्डवर बसवावा, आणि पिशवी लावून, वडील घोंगडी किंवा रेनकोट घालून बसलेले असताना मागून वीस पावलांवर उभे राहून एकदा पाहावे. पुढचा पांढरा दिवाही हवाच. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीचा झोत सायकलवर पडतो तोवर उशीर झालेला असतो, आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असे आपल्याकडे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्यानंतर रेडियमची पट्टी. ट्रकचे सामान विकणाऱ्या दुकानात ट्रकच्या मागे लावतात ती लाल व पुढे लावतात ती पांढरी पट्टी मिळते. तीच मडगार्डला आणि पुढच्या बाजूला चिकटवावी. नुसती रंगीत, चमकदार पट्टी गळ्यात मारली जाऊ नये म्हणून दुकानातच परीक्षा घ्यावी : मोबाइलचा टॉर्च कानशिलाजवळ धरून दहा पावलांवरून अंधाऱ्या कोपऱ्यात पट्टी पाहावी. खरी पट्टी उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते, त्यामुळे ती भगभगून उठते. दुसरी मळकटच राहते. पायडलचे परावर्तक तुटले असतील तर ते आधी बदलावेत, कारण वर-खाली होणारे ते दोन ठिपके पाहून ‘पुढे सायकल आहे’ हे चालकाला लगेच उमगते, जे स्थिर ठिपक्यावरून उमगत नाही. हंगामातल्या चिखलाने हे सारे आंधळे होते. ओल्या फडक्याचा एक हात रोज फिरवावा.

प्रश्न : आम्ही काही जण पहाटे अंधारात सिंहगडाकडे सायकलने जातो. आमचे लुकलुकणारे दिवे डोळ्यांत जातात, अशी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांची तक्रार आहे. पण दिवा मंद केला तर गाडीवाले पाहत नाहीत. यातून मार्ग काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तक्रार रास्त आहे. अंधारात झोतासह लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरे, पण सायकल किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याने बिघडतो. जर्मनीत सायकलीवर लुकलुकणाऱ्या दिव्यांना मनाई आहे, तर ब्रिटनने ते २००५ मध्ये कायदेशीर केले; मतभेद आहेत, पण बिनदिव्याच्या रस्त्यावर पुढचा दिवा स्थिरच ठेवावा असे मला ठामपणे वाटते.

दिवा मंद करण्यापेक्षा खाली वळवावा. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून दिव्याच्या उंचीवर भिंतीला खडूची खूण करावी आणि झोताचा मध्य त्या खुणेच्या वीतभर खाली आणावा. मग तो साधारण वीस मीटरवर रस्त्याला टेकतो. हेल्मेटवरचा दिवा मात्र चालणाऱ्यांच्या रस्त्यावर बंदच ठेवावा, कारण आपण ज्याच्याकडे पाहतो त्याच्याच तोंडावर तो मारतो. घंटी लांबून एकदा वाजवावी, अगदी कानाशी येऊन नव्हे. सायकलवर स्पीकर लावून गाणी वाजवण्याविषयी आपण विचारलेले नाही. तरी तोही बंद असावा.

प्रश्न : पोपटी रंगाचे चमकदार जाकीट घेतले आहे. रात्री तेवढे पुरेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पुरणार नाही. तो रंग उठून दिसतो तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे, आणि ते किरण रात्री नसतात. अंधारात त्या जाकिटावरच्या करड्या परावर्तक पट्ट्याच काय त्या कामाच्या. त्या पाठीवरच्या सॅकखाली झाकल्या जात असतील, तर तशीच पट्टी सॅकवर शिवून घ्यावी, आणि दिवे तरीही लावावेतच.