घरच्याच प्रेक्षकांच्या शिट्ट्या

प्रश्न : स्वतःच्याच देशाच्या खेळाडूची हुर्यो उडवणारे कसले हो चाहते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कोल्हापूरकराने फुटबॉलच्या हुर्योबद्दल मला विचारावं? असो! प्रत्येक वेळी राग खेळावरच असतो असं नाही. जून २०१८, जर्मनीतलं लेव्हरकुसेन, जर्मनीचा सौदी अरेबियाशी सराव सामना. बदली म्हणून उतरलेल्या जर्मनीच्याच इल्काय गुंडोगानच्या पायाशी चेंडू आला रे आला, की जर्मन प्रेक्षकच शिट्ट्या मारत. गुन्हा काय? महिनाभर आधी लंडनमध्ये त्याने तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांना स्वतःची जर्सी भेट दिली होती, वर 'माझ्या अध्यक्षांना' असं लिहून. पोरगा जन्माने जर्मनीतल्याच गेल्सेनकिर्शेनचा! ते लिहिणं मलाही खटकलं. पण राजकारणाचा हिशेब मैदानात कशाला? एर्दोगान यांच्यासोबतच्या त्या फोटोत असलेला संघातला सहकारी ओझिल, त्याने विश्वचषकानंतर जर्मनीकडून खेळणंच सोडलं. गुंडोगान मात्र टिकला आणि २०२४च्या युरो स्पर्धेत, तीही जर्मनीतच, कर्णधार झाला.