ल्यूटच्या तारा: आधी नायलगट, आतडं नंतर

ल्यूट, म्हणजे गिटारसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य, शिकताना पहिल्या वर्षी आतड्याच्या तारा लावू नका. मेंढीच्या आतड्याची तार हवेतला ओलावा शोषते, सूर सतत हलतो, आणि सर्वांत बारीक पहिली तार तर कधीही तुटते. शिकताना वेळ बोटांना द्यायचा, खुंट्या पिळण्यात नाही.

मात्र कृत्रिम म्हणजे सरसकट नायलॉन घेऊ नका. नायलॉनची घनता साधारण १.१, आतड्याची १.३. म्हणून तेवढ्याच ताणाला नायलॉन जाड लागतं आणि मधल्या जोड्या (ल्यूटच्या तारा बहुतेक जोडीनेच असतात) बोथट वाजतात. फ्लुओरोकार्बन ही दुसरी कृत्रिम तार, घनता १.८ च्या आसपास. तार बारीक होते, नाद चकचकीत, कधी जरा कर्कशही. नायलगट ही आतड्याची नक्कल करणारी कृत्रिम तार; तिची घनता आतड्याइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे जाडीही तीच राहते. पुढे आतड्याकडे वळलात तर हाताला परकं वाटणार नाही. नवी नायलगट काही दिवस ताणत राहते, तेवढा धीर धरा.

खर्जाला गुंडाळलेल्या तारा चालतील. फक्त फार घुमणाऱ्या नकोत, वरचे सूर झाकले जातात.

पडदे मात्र आतड्याचेच बांधा. ते वाद्याच्या गळ्याला घट्ट धरून राहतात. आणि आतड्याच्या तारांचं ल्यूट एकदा तरी जवळून ऐकाच. त्या आवाजातला खरखरीत गोडवा मला अजून दुसऱ्या कशात सापडलेला नाही.