संयुग्मी आम्ल आणि आम्लारीची जोडी कशी ओळखायची?

प्रश्न अकरावीचा आहे: जोडी ओळखायची कशी, आणि पाणी कधी आम्ल तर कधी आम्लारी का?

फक्त एक प्रोटॉन मोजा, म्हणजे एक एच-प्लस. जोडीतल्या दोघांत तेवढाच फरक असतो. प्रोटॉन देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी: ही व्याख्या १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली.

आपल्या गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर करतात, त्यातलं ॲसिटिक आम्ल घ्या. ते पाण्याला प्रोटॉन देतं आणि मागे ॲसिटेट उरतं. ॲसिटेट ही त्याची संयुग्मी आम्लारी. पाण्याने प्रोटॉन घेतला, म्हणून इथे पाणी आम्लारी आणि हायड्रोनियम त्याचं संयुग्मी आम्ल. तेच पाणी अमोनियाला मात्र प्रोटॉन देतं, तिथे ते आम्ल. समोर कोण आहे त्यावर सगळं ठरतं.

मुलं हमखास चुकतात ती इथे: सल्फ्युरिक आम्लाची जोडी सल्फेट लिहितात. त्यांच्यात दोन प्रोटॉनांचा फरक आहे! बरोबर उत्तर बायसल्फेट.

आणि आम्ल जितकं तीव्र, तितकी त्याची संयुग्मी आम्लारी दुबळी. म्हणूनच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची आम्लारी क्लोराइड पाण्यात प्रोटॉन परत घेत नाही, ॲसिटेट थोडाफार घेतं. सोडियम ॲसिटेटच्या द्रावणात लाल लिटमस निळा होतो तो त्यामुळेच. प्रयोगशाळेत एकदा करून बघाच.