घाटावर काळे ढग दिसले म्हणून वणवा अर्धवट सोडू नका

आपण लिहिले आहे की, गेल्या आठवड्यात देवरुखजवळच्या आपल्या बागेच्या वरच्या अंगाला वणवा लागला, खाऱ्या वाऱ्यामुळे तो डोंगराकडे सरकत राहिला आणि दुपारी सह्याद्रीवर काळे ढग भरून आल्यावर, आता पाऊसच आग विझवील या आशेने सगळे घरी परतले. आपली बाग वाचली, याचा मनापासून आनंद झाला. परंतु याच आशेवर विसंबून आम्ही सात वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये हापूसची ४३ कलमे गमावली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. गवत कापणे, गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) जाळरेषा काढणे, म्हणजे आग अडावी म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवणे, वगैरे आपण करतच असाल. त्याविषयी लिहीत नाही.

आमची बागही घाटाच्या पायथ्याशी आहे. त्या दिवशी आग बागेच्या पूर्वेला, चढाच्या दिशेने आमच्यापासून दूर जात होती. आम्ही सात जणांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून बागेकडची कड जवळजवळ विझवत आणली होती. चारच्या सुमारास घाटमाथ्यावर ऐरणीसारखा सपाट माथा असलेला प्रचंड ढग उभा राहिला, गडगडाट ऐकू आला, आणि मीच गड्यांना म्हणाले, "वळीव येतोच आहे, चला आता." धुमसणारे दोन बुंधे तसेच राहिले. अर्ध्या तासात खारा वारा एकदम पडला, पानही हलेना, आणि मग डोंगरावरून गार वाऱ्याचा लोट आला. त्याला ओल्या मातीचा वास होता, पण आमच्याकडे पावसाचा एक थेंबही पडला नाही. वरची आग उलटून खाली आली, बुंध्यांवरच्या ठिणग्या गडगा ओलांडून आत पडल्या आणि सासऱ्यांनी लावलेल्या कलमांखालचा पाचोळा पेटला.

त्या वाऱ्याचे कारण मला नंतर समजले. अशा ढगाला क्युम्युलोनिम्बस म्हणतात. त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेतून येताना बराचसा वाटेतच सुकतो. त्यामुळे हवा गार आणि जड होऊन वेगाने खाली कोसळते व जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून ढग काही किलोमीटर दूर असला, तरी वारा आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि आपल्याकडे ढग पूर्वेला असल्याने तो खाऱ्या वाऱ्याच्या नेमका उलट येतो. ३० जून २०१३ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात यार्नेल येथे वादळी ढगातून निघालेल्या अशाच वाऱ्याने वणव्याची दिशा फिरवली आणि १९ प्रशिक्षित अग्निशामकांचा जीव गेला. त्यामुळे ढग ऐरणीसारखा पसरला आणि वारा पडला की आगीच्या खालच्या अंगाला, वाळलेल्या गवतात एकही माणूस ठेवू नये. आधीच पूर्ण जळून काळ्या पडलेल्या जागेत जाणे अधिक सुरक्षित असते.

कोणते ढग ओळखावेत, हे आपण विचारले आहे. मी हवामानतज्ज्ञ नाही आणि माझा अनुभव घाटाच्या पायथ्यापुरताच आहे, हे ध्यानात घेऊन पुढचे वाचावे. फार उंचावर पिसांसारखे दिसणारे सिरस ढग हिमकणांचे असतात. त्यांचा पाऊस जमिनीपर्यंत येत नाही, म्हणून मळभ आल्यासारखे वाटले तरी गवत तितकेच कोरडे असते. सपाट तळाचे, कापसाच्या पुंजक्यांसारखे छोटे क्युम्युलस तसे निरुपद्रवी, पण दुपारी तेच फुलकोबीसारखे फुगत वर चढू लागले की सावध व्हावे. माझ्या मते सर्वांत उपयोगी खूण सकाळीच मिळते. मध्यम उंचीवर एका ओळीत, किल्ल्याच्या तटावरील चर्यांसारखी डोकी वर काढलेले अल्टोक्युम्युलस दिसले, तर दुपारी गडगडाटी ढग उभे राहण्याची शक्यता बरीच असते. अशा दिवशी जाळरेषेसाठीसुद्धा काडी ओढू नये, असे माझे ठाम मत आहे. काही जुने बागायतदार याला अतिसावधपणा म्हणतात, तरीही मी मत बदललेले नाही.

आगीनंतरचा मनस्ताप मात्र अजून विसरता येत नाही. ज्या कार्यालयात आम्ही दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला, तेथून पंचनाम्यासाठी माणूस अकराव्या दिवशी आला, आणि जळलेली खोडे समोर उभी असताना त्याने विचारले, "एवढी झाडे होती, याचा पुरावा काय?" सातबाऱ्यावर त्या गटात कलमांची नोंद नव्हती, ही चूक आमचीच होती, पण खोडे मोजायला कोणता कागद लागतो, हे मला आजही कळलेले नाही. आपण ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदीत, झाडांची नोंद छायाचित्रासह आत्ताच करून घ्या. ही सोय २०२१ पासून आहे, आमच्या वेळी नव्हती.

आणि एक आजच करा. आपल्या वरच्या अंगाला जळालेले काजूचे जुने बुंधे असतील, तर त्यांच्या पोकळीजवळ तळहाताची मागची बाजू धरून ऊब लागते का, ते पाहा. आतला निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. ऊब लागली, तर बुंधा फोडून, पाणी आणि माती कालवून तो पूर्ण थंड होईपर्यंत तेथून हलू नका, मग घाटावर कितीही आभाळ भरून आलेले असो.