होस्टेलमध्ये रूममेट मुलगी निघते, अशी नव्वदच्या दशकातली ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) कोणती?

ती ‘हिअर इज ग्रीनवुड’. फक्त रूममेट मुलगी नाहीच! लांब केसांचा शुन मुलगाच आहे. सीनियर पोरं नव्या काझुयाची फिरकी घेत असतात.

बिचाऱ्या काझुयाचं पहिलं प्रेम थेट त्याची वहिनी होऊन घरात येतं, म्हणून तो होस्टेल गाठतो. त्यातही पोटात अल्सर झाल्यामुळे महिनाभर उशिरा. आणि शाळेच्या दवाखान्यात बसलेला कोण? तोच थोरला भाऊ!

युकिए नासू यांच्या मांगावरून (जपानी कॉमिकवरून) 1991 ते 93 दरम्यान थेट व्हिडिओवर आलेले सहाच भाग आहेत. एका सुट्टीत उरकतात. पोरं स्वतःच सिनेमा काढतात तो भाग मला सगळ्यात धमाल वाटला. चित्रं जुनाट दिसतील, पण विनोद अजून ताजा आहे.