कोल्हापुरातल्या पतसंस्थांवर देखरेख कोणाची, आणि तिचा खर्च कोण करतं?

पतसंस्थेत ठेव ठेवली तर सरकारतर्फे तिच्यावर नजर नेमकी कोणाची असते आणि त्या यंत्रणेला पैसा कुठून येतो, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँक असते, ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो आणि त्याचा हप्ता बँकच भरते. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली, म्हणजे राज्याच्या सहकार खात्याकडे येते. बहुराज्य, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी पतसंस्था असेल तर मात्र देखरेख दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाची (रजिस्ट्रारची). पावतीवर ‘मल्टिस्टेट’ आहे का ते आधी बघा.

खात्याची उतरंड सरळ आहे: पुण्यात सहकार आयुक्त, कोल्हापुरात विभागीय सहनिबंधक, त्यांच्या खाली जिल्हा उपनिबंधक, आणि करवीर, शिरोळ अशा तालुक्यांना उप किंवा सहायक निबंधक. लेखापरीक्षणाची (ऑडिटची) शाखा वेगळी, तिचा जिल्ह्यातला प्रमुख जिल्हा विशेष लेखापरीक्षक. तालुक्याच्या एकाच कार्यालयाकडे गृहनिर्माण संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था असं सगळंच असतं. त्यामुळे कोणी दर महिन्याला दप्तर तपासायला येतं, या समजात राहू नका.

अधिकाऱ्यांचे पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून होतात. लेखापरीक्षणाची फी मात्र संस्थाच देते, आणि शासनाच्या नामतालिकेतून, म्हणजे मंजूर यादीतून, लेखापरीक्षक निवडते तीही संस्थेचीच वार्षिक सभा. माझ्या मते खरा कच्चा दुवा हाच. ज्यांचा हिशेब तपासायचा, त्यांच्याच सभेने नेमायचं! अपहार दिसला तर विशेष अहवाल देऊन गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी लेखापरीक्षकावर आहे, पण तो दिसेपर्यंत बऱ्याचदा ठेवी अडकलेल्या असतात.

म्हणून अहवाल स्वतः वाचा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 32 खाली सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद संस्थेत फुकट बघता येतो. टाळाटाळ झाली तर निबंधक कार्यालयात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. संस्था त्या कायद्यात येत नसली तरी निबंधकाकडची प्रत येते. लेखापरीक्षणात मिळालेला नुसता ‘अ’ वर्ग बघून थांबू नका. थकबाकीचं प्रमाण, संचालक व नातेवाइकांची कर्जं, आणि दाखवलेल्या गुंतवणुकीला बँकेचा शिल्लक दाखला जोडलाय का, हे तपासा. मागच्या वर्षीचेच दोष पुन्हा छापलेले दिसले तर दोषदुरुस्ती अहवाल (दाखवलेले दोष कसे दूर केले हे सांगणारा संस्थेचा अहवाल) नुसता कागदावरच राहिलाय असं समजा.

मुदत संपूनही ठेव मिळत नसेल तर आधी लेखी मागणी करून पोच घ्या. ठेवीदार हा संस्थेचा धनको, म्हणजे संस्थेकडून पैसे येणं असलेला. कलम 84 खाली तो दप्तर तपासणी मागू शकतो, पण खर्चापोटी अनामत आधी भरावी लागते. तो खर्च शेवटी संस्था, अर्जदार की पदाधिकारी यांपैकी कोणी सोसायचा, हे कलम 85 खाली निबंधक ठरवतो. फसवणूकच असेल तर ठेवीदार संरक्षण अधिनियम 1999 खाली पोलिसांत जा, कारण मालमत्ता जप्त करण्याची ताकद त्या कायद्यात आहे.